संपादक महोदय, मधली चाळीस वर्षं कुठे गेली?

मराठी वृत्तपत्रांच्या आणि वाहिन्यांच्या सर्व संपादकांना,

स. न. वि. वि.

शाळेतून निवृत्त झाल्यापासून दर शनिवारी मी गावच्या वाचनालयात मुलांना विज्ञानाचं काहीबाही वाचून दाखवते. तीस वर्षं फळ्यासमोर उभं राहायची सवय, ती सहज सुटत नाही. जानेवारी २०२५मध्ये डॉ. व्ही. नारायणन यांनी इस्रोच्या अध्यक्षपदाची सूत्रं हाती घेतली, तेव्हा त्यांच्यावर आलेली कात्रणं घेऊन बसले होते. वाचून झाल्यावर सातवीतल्या एका मुलीने हात वर केला. तिचे वडील बँकेत आहेत. म्हणाली, "बाई, इस्रोत मोठं व्हायला आधी गरीब असावं लागतं का? आमच्याकडे स्कूटर आहे."

मुलं हसली, मीही हसले. घरी येऊन कात्रणांची जुनी फाइल काढून बसले, तेव्हा लक्षात आलं की पोरीने चुकीचं काही विचारलं नव्हतं. आपण सगळ्यांनी मिळून तिला जे वाचायला दिलं, त्यातून निघणारा तो सरळ निष्कर्ष होता.

फाइलमधलं प्रत्येक कात्रण जवळजवळ एकाच साच्यातलं. कलाम म्हणजे रामेश्वरमला पेपर टाकणारा मुलगा. के. शिवन म्हणजे कन्याकुमारी जिल्ह्यातल्या शेतकऱ्याचा अनवाणी शाळेत जाणारा मुलगा, जो कॉलेजातही धोतर नेसून जायचा. नारायणनही त्याच जिल्ह्यातले, त्यामुळे त्यांच्या बातम्यांना वेगळं काही लिहावंच लागलं नाही. गाव, घर, आई-वडील, हालअपेष्टा यांना भरपूर जागा. मग एक वाक्य येतं, "त्यानंतर त्यांनी मागे वळून पाहिले नाही." आणि पुढच्या परिच्छेदात माणूस थेट अध्यक्ष!

शिवन १९८२ साली इस्रोत आले आणि २०१८ साली अध्यक्ष झाले. एस. सोमनाथ १९८५ साली आले, २०२२ साली अध्यक्ष झाले. नारायणन १९८४चे, अध्यक्षपद २०२५ला. जी. माधवन नायर १९६७ साली केरळातल्या थुंब्याच्या रॉकेट केंद्रात रुजू झाले आणि २००३ साली प्रमुख झाले. म्हणजे कुणाची छत्तीस वर्षं, कुणाची सदतीस, कुणाची एकेचाळीस. माणसाचं अख्खं कामाचं आयुष्य. आणि ते सगळं तुम्ही त्या एका वाक्यात गुंडाळता. मागे वळून पाहिलं नाही म्हणे! रॉकेटच्या धंद्यातला माणूस सगळ्यात जास्त काय करत असेल, तर मागे वळून पाहतो. उड्डाण फसलं की त्याच्या आकडेवारीत महिनोन्‌महिने मागेच पाहत बसावं लागतं.

गरिबी लपवा असं मी म्हणत नाही. माझ्या वर्गात अनवाणी येणारी मुलं असायची, त्यांना शिवन यांची गोष्ट मी स्वतः सांगितली आहे. माझी तक्रार एवढीच, की अनवाणी मुलगा आणि अग्निबाण यांच्या मधला जिना तुम्ही काढून टाकला आहे. तो जिना नसेल तर ज्याच्या पायात चप्पल नाही त्या मुलालाही वर कसं जायचं ते कळत नाही. त्याला फक्त एवढंच कळतं, की कुणीतरी एकदा गेला होता.

नारायणन यांचंच घ्या. ते आले तेव्हा सुरुवातीची साधारण साडेचार वर्षं घन इंधनाच्या कामावर होते. वातावरणाची पाहणी करणारी छोटी साउंडिंग रॉकेट, उपग्रह वर नेणारी एएसएलव्ही आणि पीएसएलव्ही. मग खरगपूरच्या आयआयटीत क्रायोजेनिक अभियांत्रिकीचं एम. टेक. केलं आणि १९८९ साली त्यात पहिले आले. म्हणजे नोकरीला लागल्यावर परत बाकावर बसायला गेले. एका विषयातून उठून दुसऱ्या, तोपर्यंत देशात कुणालाच नीट न येणाऱ्या विषयात गेले. माझ्या मते त्या कारकिर्दीचं खरं वळण हे आहे. तुमच्या बातम्यांत ते "उच्च शिक्षण आयआयटी खरगपूर" अशा चार शब्दांत उरकलं होतं.

क्रायोजेनिक म्हणजे काय, हेही सांगायला हवं होतं. हायड्रोजन द्रवरूप ठेवायचा तर उणे २५३ अंश सेल्सिअस लागतं, ऑक्सिजनला उणे १८३. या दोन द्रवांना मिनिटाला हजारो फेरे घेणाऱ्या पंपाने ज्वलनकक्षात ढकलायचं. त्या पंपाच्या एका बाजूला तापलेला वायू आणि दुसऱ्या बाजूला ही गोठवणारी थंडी. धातू आकुंचन पावतो, सील गळते, बेअरिंगला नेहमीचं वंगण चालत नाही. १९९१ साली सोव्हिएत संघाच्या ग्लावकॉसमॉस या अवकाश संस्थेशी तंत्रज्ञानाचा करार झाला होता. अमेरिकेच्या दबावाखाली १९९३ साली रशियाने तंत्रज्ञान द्यायचं नाकारलं, तयार इंजिनं तेवढी दिली. १९९४ साली आपला स्वतःचा क्रायोजेनिक टप्प्याचा प्रकल्प सुरू झाला. त्यानंतर पहिलं उड्डाण कधी? १५ एप्रिल २०१०. मधली सोळा वर्षं माणसं रोज कामावर जात होती आणि छापण्यासारखं काहीही घडत नव्हतं.

आणि १५ एप्रिलला जे घडलं तेही दुःखाचंच. इंजिन पेटलं, पण द्रव हायड्रोजन पुढे ढकलणारा पूरक पंप काही क्षणांतच बंद पडला. जीएसएलव्ही, म्हणजे जड उपग्रह नेणारं रॉकेट, समुद्रात. त्याच वर्षी २५ डिसेंबरला दुसरं जीएसएलव्ही उडालं, त्याला रशियन इंजिन होतं. ते मिनिटभरातच भरकटलं आणि नष्ट करावं लागलं. कारण काय, तर संगणकाचे आदेश खालच्या बूस्टरपर्यंत नेणाऱ्या केबलचे कनेक्टर निखळले होते. कनेक्टर! मुलांना हे सांगितलं तेव्हा त्यांचा विश्वास बसेना. मग १९ ऑगस्ट २०१३. उड्डाणाला ७४ मिनिटं उरली असताना दुसऱ्या टप्प्यातून इंधन गळताना दिसलं आणि उलटी गणती थांबवली. अखेर ५ जानेवारी २०१४ रोजी जीएसएलव्ही-डी५ आपल्या इंजिनावर नीट वर गेलं. प्रकल्प सुरू झाल्यापासून वीस वर्षं झाली होती.

२०१० ते २०१४ या काळात अध्यक्ष होते के. राधाकृष्णन. त्यांचं नाव काढलं की तुमच्याकडे मंगळयानच निघतं, ते साडेचारशे कोटींत झालं म्हणून. मंगळयान मोठंच, वाद नाही. पण एका वर्षात दोन जीएसएलव्ही गमावलेल्या संस्थेचा प्रमुख दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसात जाऊन नेमकं काय करतो, हे मला वाचायचं होतं. चौकशी समिती कुणाच्या अध्यक्षतेखाली बसवायची, ज्याच्या टप्प्यात चूक झाली त्याला त्याच कामावर ठेवायचं की हलवायचं, पुढचं उड्डाण कधी. अभियंत्याचा नेता होतो तो इथे. त्या दिवसापर्यंत त्याच्यासमोर यंत्रं बिघडत असतात, त्यानंतर माणसं समोर बसलेली असतात.

आता तुमच्या सगळ्यात आवडत्या गोष्टीकडे येते. दर शिक्षकदिनाला आणि कलामांच्या जयंतीला तुम्ही ती छापता. १० ऑगस्ट १९७९ला उपग्रह नेणाऱ्या पहिल्या भारतीय रॉकेटचं, एसएलव्ही-३चं, पहिलं उड्डाण फसलं, प्रकल्प संचालक कलाम होते, पण पत्रकारांना सामोरे गेले अध्यक्ष सतीश धवन. १८ जुलै १९८०ला यश आलं तेव्हा धवन यांनी कलामांना पुढे केलं. अपयश साहेबाने घेतलं, यश हाताखालच्याला दिलं. सुंदर गोष्ट आहे. इतकी वापरली गेली आहे की आता व्यवस्थापनाच्या शिबिरांतला चहासुद्धा तिच्याशिवाय उकळत नाही.

पण ही गोष्ट पत्रकार परिषदेपासून सुरू होत नाही. ती उड्डाणाच्या आधी चाळीस सेकंदांवर सुरू होते. कलामांनी पुढे स्वतःच अनेक भाषणांत सांगितलं आहे, की शेवटच्या टप्प्यात संगणकाने गणती रोखली होती, नियंत्रण यंत्रणेत काहीतरी ठीक नाही असं तो दाखवत होता. आसपासच्या तज्ज्ञांनी सांगितलं, आपल्याकडे इंधनाचा पुरेसा साठा आहे, काळजी नको. कलामांनी संगणकाचा निर्णय बाजूला सारला आणि रॉकेट सोडलं. दुसऱ्या टप्प्याची नियंत्रण यंत्रणा निकामी झाली आणि ते बंगालच्या उपसागरात पडलं. ही कबुली कलामांची आहे, कुणा टीकाकाराची नव्हे, आणि मला त्यांचा मोठेपणा त्या कबुलीतच जास्त दिसतो. तरीही आपल्याकडच्या गोष्टीतून नेमका तो भाग गळतो. राहतात ते दोन थोर पुरुष आणि एक पत्रकार परिषद. 'होल्ड' लागलेला असताना प्रमुखाने काय करावं, हा प्रश्नच नाहीसा होतो.

त्याच प्रश्नाला चाळीस वर्षांनी दुसऱ्या माणसाने दिलेलं उत्तरही तुमच्याकडून निसटलं. १५ जुलै २०१९ची पहाट. चांद्रयान-२. राष्ट्रपती रामनाथ कोविंद श्रीहरिकोट्याला उड्डाण पाहायला आलेले, देश टीव्हीसमोर जागा. ५६ मिनिटं २४ सेकंद उरली असताना गणती थांबली. तांत्रिक बिघाड, उड्डाण रद्द. राष्ट्रपती आलेले असताना "आज नाही" म्हणायचं, हे काय असतं ते ज्याने कुठल्याही सरकारी कार्यक्रमात व्यासपीठाच्या मागे उभं राहून पाहिलंय त्याला विचारा. आमच्या शाळेत शिक्षणाधिकारी येणार म्हणून गळणारं छप्पर ताडपत्रीने झाकलं होतं, पण कार्यक्रम पुढे ढकलला नव्हता. श्रीहरिकोट्याला तो ढकलला, बिघाड दुरुस्त केला आणि आठवड्याने, २२ जुलैला, यान नीट वर गेलं.

दुसऱ्या दिवशीच्या बातमीचा सूर होता "हिरमोड". शिवन यांचा जो फोटो देशाला पाठ आहे तो ७ सप्टेंबरचा, विक्रम लँडरशी संपर्क तुटल्यानंतर पंतप्रधानांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडतानाचा. माणूस रडतो, त्यात कमीपणा काहीच नाही. पण शिवन यांच्या कारकिर्दीतला एकच फोटो निवडायचा तर मी १५ जुलैच्या पहाटेचा निवडीन. तो माझ्या फाइलमध्ये नाही. कुणी छापला असेल तर कृपया पाठवा.

जाता जाता एक. तुम्ही या सगळ्यांना सरसकट "शास्त्रज्ञ" म्हणता. यू. आर. राव आणि कस्तुरीरंगन हे माजी अध्यक्ष खरोखर भौतिकशास्त्राकडून आलेले होते. धवन, माधवन नायर, राधाकृष्णन, शिवन, सोमनाथ, नारायणन हे अभियंते. इस्रोतल्या पदाचं नावच 'सायंटिस्ट/इंजिनिअर' आहे, तिरप्या रेघेसकट. त्यातला दुसरा शब्द बातमीत येईपर्यंत गळून पडतो. फरक का करायचा? कारण शास्त्रज्ञ विचारतो हे असं का आहे, आणि अभियंता विचारतो हे मोडेल कुठे. ज्याने तीस वर्षं हा दुसरा प्रश्न विचारला तो खुर्चीत बसल्यावरही तोच विचारतो. सोमनाथ यांचं उदाहरण मला फार आवडतं. अध्यक्ष झाल्यावर सहा-सात महिन्यांत, ७ ऑगस्ट २०२२ला, एसएसएलव्ही हे नवं कोरं रॉकेट पहिल्याच उड्डाणात फसलं. दुसरा टप्पा सुटताना जो हादरा बसला, त्याने वेगातला बदल मोजणाऱ्या त्वरणमापकांची वाचनं काही क्षण भलतीच आली. सॉफ्टवेअरने समजूत करून घेतली की सेन्सर बिघडले. खरं तर सेन्सर धडधाकट होते. उपग्रह वर्तुळाकार कक्षेऐवजी अशा लंबगोल कक्षेत गेले की ज्याचं एक टोक जमिनीपासून जेमतेम ७६ किलोमीटरवर. टिकणं शक्यच नव्हतं. इस्रोने हे सगळं जाहीरपणे समजावून सांगितलं आणि १० फेब्रुवारी २०२३ला दुसरं उड्डाण यशस्वी केलं.

त्याच वर्षी जुलैत सोमनाथ यांनी चांद्रयान-२ का पडलं तेही उघड बोलून दाखवलं. इंजिनांनी अपेक्षेपेक्षा जास्त जोर लावला, चुका साचत गेल्या, यानाला वेगाने वळायचं होतं पण सॉफ्टवेअरने वळण्याच्या वेगाला मर्यादा घातली होती, आणि उतरायला जागा होती अवघी ५०० मीटर बाय ५०० मीटर. चांद्रयान-३ला ती ४ किलोमीटर बाय २.४ किलोमीटर दिली. काय काय यशस्वी होईल याऐवजी काय काय फसू शकतं ते गृहीत धरून रचना केली. २३ ऑगस्ट २०२३च्या संध्याकाळी आमच्या वाचनालयात टीव्हीसमोर मुलं नाचत होती, तेव्हा मी त्यांना हे आकडे फळ्यावर लिहून दाखवले. तुम्ही त्या दिवशी काय दाखवत होतात, ते आठवून पाहा. स्टुडिओत यानाची प्रतिकृती हातात धरून निवेदक चंद्रावर चालत होते.

आणि याच्या उलटही होतं. मे २०२५मध्ये पीएसएलव्ही-सी६१ तिसऱ्या टप्प्यात फसलं, ईओएस-०९ उपग्रह गेला. पीएसएलव्ही म्हणजे इस्रोचा घरचा भरवशाचा बैल. ते का अडखळलं, याचा पाठपुरावा करणारी एकही सविस्तर मराठी बातमी मला वाचायला मिळाली नाही. कौतुक करायला तुमच्याकडे पानं असतात. पाठपुरावा करायला एक बातमीदार नसावा?

हे सगळं दूर दक्षिणेत घडतं, आम्ही काय करणार, असं म्हणू नका. इस्रोच्या रॉकेटांची विकास इंजिनं विक्रोळीच्या गोदरेजच्या कारखान्यात तयार होतात. पूर्व द्रुतगती मार्गावरून रोज तुमच्या गाड्या त्याच्याजवळून जातात. रॉकेटच्या मोटरची प्रचंड आवरणं इंदापूर तालुक्यात वालचंदनगरला घडतात. तिथल्या वेल्डरने जोडलेला सांधा तपासणीत टिकला नाही तर श्रीहरिकोट्याची तारीख हलू शकते. त्याच्याशी बोलायला तमीळ किंवा मल्याळम यायला लागत नाही.

माणसं तरी कुठे परकी होती? थुंब्याची जागा विक्रम साराभाईंबरोबर शोधणारे एकनाथ चिटणीस कोल्हापूरचे. १९७५-७६ साली सहा राज्यांतल्या २४०० खेड्यांत उपग्रहावरून थेट टीव्ही पोचवण्याचा 'साइट' प्रयोग झाला, त्याची धुरा त्यांच्याकडे होती. (त्या सहांत महाराष्ट्र नव्हता, म्हणून आपल्याला त्याचं काही वाटलं नसावं.) प्रमोद काळे पुण्यात जन्मलेले. १९६३च्या आसपास नासात प्रशिक्षणाला गेलेल्या पहिल्या तुकडीतले, पुढे इन्सॅट-१ या दूरसंचार उपग्रहांच्या प्रकल्पाचे प्रमुख. त्यातला पहिला उपग्रह, इन्सॅट-१ए, एप्रिल १९८२मध्ये सुटला आणि सप्टेंबरात निकामी झाला. पाच महिन्यांत. वर्षभराने, ३० ऑगस्ट १९८३ला, अमेरिकेच्या चॅलेंजर यानातून इन्सॅट-१बी गेला आणि आपल्या घरांत दूरदर्शन पसरलं ते त्याच्या जिवावर. त्या मधल्या वर्षात त्या प्रकल्पाच्या खोलीत काय चाललं असेल, यावर कुणी मराठी पत्रकाराने सविस्तर लिहिलंय का? वसंत गोवारीकर आपल्याला आठवतात ते मान्सूनच्या भाकितासाठी आणि पुणे विद्यापीठाच्या कुलगुरुपदासाठी. १९६७ साली थुंब्याला जाऊन रॉकेटच्या घन इंधनावर त्यांनी जी वर्षं घालवली आणि नंतर १९७९ ते १९८५ विक्रम साराभाई अवकाश केंद्र चालवलं, ते मृत्युलेखांत अर्ध्या ओळीत आलं. १९७९! म्हणजे एसएलव्ही-३ समुद्रात पडलं ते वर्ष. इतकी मोठी बातमी आपल्याच घरात होती.

तेव्हा विनंती अशी. पुढच्या वेळी इस्रोत कुणी नवा प्रमुख होईल, केंद्र संचालक होईल, किंवा आपल्याकडची एखादी मुलगी तिथे वरच्या पदावर पोचेल, तेव्हा बातमीदाराला तिच्या गावी पाठवा, जरूर पाठवा, आईच्या हातचा चहा पिऊ द्या. पण त्याच्या वहीत आणखी थोडे प्रश्न घालून द्या. कुठल्या यंत्रणेवर पहिली दहा वर्षं गेली? पहिलं अपयश कुठलं आणि त्यात तुमचा भाग किती? परत शिकायला का गेलात? आढाव्याच्या बैठकीत वरिष्ठांना नाही म्हणायची वेळ आली होती का? उत्तर "गोपनीय आहे" असं आलं तरी छापा. मुलांना निदान कळेल, की असे प्रश्न विचारायचे असतात.

त्या स्कूटरवाल्या मुलीला मी पुढच्या शनिवारी जीएसएलव्हीची गोष्ट सांगितली. पंप, कनेक्टर, गळती, वीस वर्षं, सगळं. आणि १५ जुलैची पहाटही सांगितली. या वेळी तिने गरिबीचं काही विचारलं नाही. तिला जाणून घ्यायचं होतं की ५६ मिनिटं उरली असताना पहिल्यांदा "थांबा" कोण म्हणालं. अध्यक्ष म्हणाले, की कुणी साधा इंजिनिअर? आणि साधा इंजिनिअर असेल तर त्याला भीती नाही वाटली?

सगळी फाइल चाळली. तुमच्यापैकी कुणाच्याच कात्रणात ते नाही.

आपली नम्र,
एक निवृत्त विज्ञानशिक्षिका